बहिणीने रंगवलेला चेहरा

एखाद्या ग्रंथकर्त्याचे लेखन मनात घर करून राहिले, की तो दिसायला कसा होता हे जाणून घ्यावेसे वाटते. ज्याच्या शब्दांनी आपल्याला हसवले, रडवले, विचार करायला लावले, त्याच्या डोळ्यांत एकदा पाहावे, ही वाचकाची इच्छा स्वाभाविकच आहे. ग्रंथाच्या आरंभी ग्रंथकर्त्याचे चित्र छापण्याची प्रथा याच इच्छेपोटी पडली असावी. परंतु ते चित्र कोणी काढले, कोणासाठी काढले आणि काढणाऱ्याने त्या माणसाला कधी पाहिले तरी होते काय, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. प्रस्तुत लेखात एकाच चेहऱ्याच्या दोन चित्रांचा इतिहास सांगावयाचा आहे. दोन्ही चित्रे जलरंगांतील आहेत. दोहोंत सुमारे साठ वर्षांचे अंतर आहे. पहिले काढणारी त्या लेखिकेची सख्खी बहीण होती. दुसरे काढणाऱ्या चित्रकाराने तिला कधीही पाहिले नव्हते. जगाने मात्र दीर्घकाळ दुसऱ्यालाच खरे मानले.

ती लेखिका म्हणजे जेन ऑस्टिन. इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात स्टीव्हन्टन नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे १६ डिसेंबर १७७५ रोजी तिचा जन्म झाला. तिचे वडील रेव्हरंड जॉर्ज ऑस्टिन हे त्या गावच्या चर्चचे धर्मगुरू होते. अँग्लिकन पंथात धर्मगुरूंना विवाहाची मुभा आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच. सहा मुलगे आणि दोन मुली अशा आठ भावंडांचे ते घर. उत्पन्न बेताचे असल्यामुळे वडील घरी विद्यार्थी ठेवून त्यांना शिकवीत आणि जोडीला शेतीही पाहत. पण त्यांच्या संग्रही पाचशेहून अधिक पुस्तके होती आणि त्या कपाटांची दारे मुलींनाही उघडी होती. दोन मुलींपैकी थोरली कॅसँड्रा आणि धाकटी जेन. दोघींच्या वयात जेमतेम तीन वर्षांचे अंतर. कॅसँड्राचे लग्न टॉम फाउल नावाच्या एका तरुण धर्मगुरूशी ठरले होते. तो सैन्याबरोबर वेस्ट इंडीजला गेला आणि १७९७ मध्ये तेथेच पीतज्वराने वारला. कॅसँड्राने पुढे लग्न केले नाही. जेनचेही झाले नाही. या दोघी बहिणी अखेरपर्यंत एकमेकींच्या सोबतीने राहिल्या.

जेन लिही आणि कॅसँड्रा चित्रे काढी, हा प्रघात बालपणापासूनचा. १७९१ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, जेनने इंग्लंडचा एक छोटा, खट्याळ इतिहास लिहिला आणि तो कॅसँड्रालाच अर्पण केला. चौथ्या हेन्रीपासून पहिल्या चार्ल्सपर्यंतच्या राजांची त्यात भरपूर थट्टा आहे. शालेय इतिहासाच्या पुस्तकांचे ते विडंबनच होय. आपल्या वाचकांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट त्यात आहे. अँग्लिकन धर्मगुरूची ही मुलगी एलिझाबेथ राणीला धारेवर धरते आणि कॅथलिक असलेल्या स्कॉटलंडच्या मेरी राणीची बाजू हिरिरीने घेते. त्या वहीसाठी कॅसँड्राने जलरंगांत राजाराण्यांची तेरा लहान चित्रे काढली. राजेशाही थाट त्यांत नाही. हे राजे शेजारच्या घरातल्या माणसांसारखे दिसतात. ती वही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. थोरामोठ्यांची चित्रे काढताना त्यांना अकारण मोठे करून दाखवायचे नाही, हे बहिणींना त्या वयातच उमगले होते.

येथे जलरंगांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. पूर्वी चित्रकाराला रंगद्रव्ये कुटून, घोटून, डिंकात कालवून रंग तयार करावे लागत. १७८० च्या सुमारास लंडनच्या रीव्ह्ज बंधूंनी जलरंगांच्या कोरड्या वड्या बाजारात आणल्या आणि रंगांची पेटी मध्यम स्थितीतील घरांतही दिसू लागली. १८०४ मध्ये तर जलरंग चित्रकारांची स्वतंत्र संस्थाच लंडनमध्ये स्थापन झाली. शिवणकाम आणि संगीत यांच्याबरोबर थोडीफार चित्रकला येणे हे चांगल्या घरच्या मुलीचे लक्षण मानले जाई. परंतु हे माध्यम दिसते तितके सोपे नाही. तैलरंगांत चुकलेला भाग खरवडून किंवा झाकून पुन्हा रंगवता येतो. जलरंग मात्र पारदर्शक असतात. खालची पेन्सिलीची रेघ त्यांतून दिसत राहते. गालावरचा उजेड दाखवायचा तर कागदाचा पांढरेपणाच राखून ठेवावा लागतो. फिकटाकडून गडदाकडे जायचे आणि वेळीच थांबायचे. घाई झाली तर रंग पसरतो, फार घोटला तर मळतो. चेहरा रंगवताना तर समोरच्या माणसाकडे सतत पाहत राहावे लागते, कारण चुकीची जागा झाकायला या रंगांत सोय नाही.

कॅसँड्राने जेनची जलरंगांत काढलेली दोन चित्रे आज उपलब्ध आहेत. पहिल्यावर तिच्या नावाची आद्याक्षरे आणि १८०४ हे साल आहे. त्यात जेन उघड्यावर बसलेली आहे. अंगात निळा पोशाख आहे आणि डोक्यावर टोपी. पण ती आपल्याकडे पाठ करून बसली आहे. चेहरा दिसतच नाही. पुढे तिच्या एका पुतणीने या चित्राची आठवण लिहून ठेवली : उन्हाळ्याच्या एका दिवशी दोघी बहिणी फिरायला गेल्या होत्या आणि उकाड्यामुळे जेनने टोपीच्या फिती सोडून ठेवल्या होत्या. लेखिकेचे रूप पाहू इच्छिणाऱ्याची येथे निराशा होते खरी, पण बहिणीबहिणींच्या सहवासातला एक निवांत प्रहर मात्र त्या कागदावर टिकून राहिला आहे.

दुसरे चित्र सुमारे १८१० मधले. त्या वेळी या दोघी कोणत्या स्थितीत होत्या, हे लक्षात घेतले पाहिजे. १८०१ मध्ये वडिलांनी निवृत्ती पत्करून कुटुंबासह बाथ शहरी बिऱ्हाड हलवले. १८०५ च्या जानेवारीत ते वारले. त्यानंतर आई आणि दोघी मुली भावांच्या आधाराने या घरून त्या घरी अशा राहिल्या. अखेर १८०९ च्या जुलैत एडवर्ड या भावाने आपल्या मालकीचे चॉटन गावातील एक घर त्यांना राहावयास दिले. जेनचे वय तेव्हा तेहेतीस होते आणि तिचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नव्हते. १७९७ मध्ये तिची एक कादंबरी छापाल काय, असे वडिलांनी लंडनच्या एका प्रकाशकाला पत्राने विचारले होते. त्याने हस्तलिखित न पाहताच नकार कळवला. १८०३ मध्ये दुसऱ्या एका प्रकाशकाने दहा पौंडांना एक कादंबरी विकत घेतली आणि ती न छापता तशीच ठेवून दिली. १८०९ मध्ये तिने विचारणा केली, तेव्हा दहा पौंड परत करा आणि हस्तलिखित घेऊन जा, असे उत्तर आले. तिचे पहिले पुस्तक १८११ च्या अखेरीस निघाले, तेही नावाशिवाय. 'एका स्त्रीने लिहिलेले' एवढाच उल्लेख मुखपृष्ठाआत होता.

म्हणजे सुमारे १८१० मध्ये कॅसँड्राने कागद आणि रंग पुढे घेतले, तेव्हा तिच्यासमोर कोणी प्रसिद्ध लेखिका बसलेली नव्हती. प्रकाशकांनी परतवून लावलेली, भावाने दिलेल्या घरात राहणारी एक अविवाहित बाई बसली होती. तिचे मोल जाणणारी माणसे घरातच होती आणि त्यांत पहिली कॅसँड्रा. कौतुकाने काढलेले हे चित्र आहे यात शंका नाही. पण त्या कौतुकाला अजून जगाचा दुजोरा मिळालेला नव्हता.

चित्र साडेचार इंच उंच आणि तीन इंचांहून थोडेसे रुंद आहे. डोक्याला टोपी, कपाळावर तपकिरी केसांची वळणे, गालांवर लाली. डोळे टपोरे असून आपल्याकडे न पाहता एका बाजूला वळलेले आहेत. ओठ मिटलेले. हातांची घडी छातीशी घातलेली. रंग आहे तो मुख्यतः चेहऱ्याला आणि केसांना. बाकी देह, हात आणि खुर्ची पेन्सिलीच्या पुसट रेघांत तशीच सोडलेली आहेत. या बाईला आपले चित्र काढून घेण्यात फारसा रस नसावा, असे पाहताक्षणी वाटते. पुढच्या क्षणी ती काहीतरी बोलेल आणि ते बोलणे गोड असेलच असे नाही. तिच्या कादंबऱ्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना या नजरेची ओळख पटावी. चारचौघांच्या बोलण्यातली खोट हेरणारी नजर ती हीच.

पुढील सहा वर्षांत तिच्या चार कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या आणि नाव नसतानाही गाजल्या. मग प्रकृती ढासळली. उपचारांसाठी तिला विंचेस्टरला आणले. कॅसँड्रा रात्रंदिवस उशाशी होती. १८ जुलै १८१७ रोजी पहाटे, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी जेनने देह ठेवला आणि कॅसँड्राने आपल्या हाताने तिचे डोळे मिटले. स्त्रियांनी अंत्ययात्रेला जाण्याची त्या घरची रीत नव्हती. रस्त्याच्या वळणावर ती लहानशी मिरवणूक दिसेनाशी होईपर्यंत ती खिडकीतून पाहत राहिली. विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये जेनला पुरले. तिच्या थडग्यावरच्या शिळेवर तिच्या सद्गुणांचा आणि बुद्धीचा उल्लेख आहे. तिने कादंबऱ्या लिहिल्या असे मात्र कोठेही म्हटलेले नाही.

कॅसँड्रा त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली. १८४५ मध्ये ती वारली; त्याआधी दोनतीन वर्षे तिने बहिणीची पत्रे काढून बसून बरीचशी जाळून टाकली आणि काहींतला नको तो मजकूर कापून काढला. आज जेनची सुमारे एकशे साठ पत्रेच शिल्लक आहेत. अभ्यासकांनी याबद्दल कॅसँड्राला पुष्कळ दोष दिला आहे. घरातल्या गोष्टी घरातच राहाव्यात, असे तिला वाटले असेल. परंतु हे चित्र तिने जाळले नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पत्रांवर कात्री चालवणाऱ्या त्याच बाईने मिटल्या ओठांचा तो चेहरा जपून ठेवला. पुढे तो धाकटा भाऊ चार्ल्स याच्या मुलीकडे गेला.

आता दुसऱ्या चित्राकडे वळू. जेनचा पुतण्या रेव्हरंड जेम्स एडवर्ड ऑस्टिन-ली हा बर्कशायरमधील ब्रे या गावचा धर्मगुरू होता. अठराव्या वर्षी तो आत्याच्या अंत्यविधीला हजर होता. सत्तरी गाठल्यावर त्याने तिचे चरित्र लिहावयास घेतले. तिला पाहिलेली माणसे एकेक करून जात होती आणि आठवणी नष्ट होण्याआधी लिहून ठेवाव्यात, हा त्याचा हेतू सर्वथा स्तुत्य होता. चरित्राला चित्र हवे होते आणि कॅसँड्राचे रेखाटन तेवढे हाताशी होते. परंतु ते घरच्यांना पसंत नव्हते. एका पुतणीने तर आत्या मुळीच अशी नव्हती, असे पूर्वीच स्पष्ट लिहिले होते. शेवटी मेडनहेडचे चित्रकार जेम्स अँड्रूज यांच्याकडे ते रेखाटन सोपवले गेले आणि त्यावरून १८६९ मध्ये त्यांनी जलरंगांत नवे चित्र तयार केले. जेनला जाऊन तेव्हा बावन्न वर्षे झाली होती.

अँड्रूज हे कसबी चित्रकार होते. त्यांनी डोळे अधिक मोठे आणि शांत केले. ओठांची कड नरम केली. गाल भरले. टोपीला नीटस झालर आली, पोशाख पुरा झाला, खुर्चीला आकार मिळाला. छातीशी घातलेली हातांची घडी नाहीशी झाली. त्या चित्रावरून तयार केलेले कोरीव चित्र चरित्राच्या आरंभी छापले गेले. चरित्र १८६९ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. घरच्यांना हायसे वाटले. मूळ रेखाटनावरून इतके चांगले चित्र निघेल अशी अपेक्षाच नव्हती, असे चार्ल्सच्या मुलीने कळवले. दुसऱ्या एका पुतणीने थोडे जपून लिहिले : साम्य फारसे नाही, परंतु चेहरा प्रसन्न आहे आणि आत्याचा चेहराही प्रसन्नच होता, तेवढ्यापुरते ते खरे म्हणावे.

ही कथा वाचताना जेनच्याच 'एमा' या कादंबरीतील एक प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. ती कादंबरी १८१५ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. तिची नायिका एमा आपली मैत्रीण हॅरिएट हिचे जलरंगांत चित्र काढते. काढता काढता ती मैत्रिणीची उंची थोडी वाढवते, बांधा थोडा सुधारते, डोळ्यांना नसलेली शोभा देते. पाहायला जमलेले सगळे वाहवा करतात. तेथे बसलेला एक तरुण धर्मगुरू तर स्तुतीची परिसीमा गाठतो. त्याचे लक्ष चित्राकडे नसून चित्र काढणारीकडे आहे. एकटा नाइटली तेवढा सरळ सांगतो, की तू तिला फार उंच काढली आहेस. कौतुकाच्या भरात माणूस दुसऱ्याचे चित्र कसे सुधारतो आणि त्यात मूळ माणूस कसा हरवतो, हे जेनने स्वतःच लिहून ठेवले होते. पन्नासेक वर्षांनी तिच्याच घरच्यांनी तिच्याच चेहऱ्यावर तो प्रयोग केला.

त्याचे परिणाम दूरवर गेले. एक प्रेमळ, घरगुती, कोणालाही न दुखावणारी आत्या, अशी जेनची प्रतिमा त्या चरित्राने आणि त्या चित्राने मिळून घडवली. पैशासाठी ठरणारी लग्ने, श्रीमंतांचा पोकळ डौल, खुशामतखोर धर्मगुरू यांच्यावर तिने ओढलेले कोरडे बोथट होऊन सुखान्त प्रेमकथाच तेवढ्या पुढे आल्या. मूळ रेखाटन मात्र घराण्याबाहेर फारसे कोणाला माहीत नव्हते. १९४८ मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने ते विकत घेतले आणि आता ते जनतेच्या मालकीचे आहे. इतरही काही चित्रे जेनची म्हणून पुढे आली, पण त्यांच्याविषयी वाद आहेत. प्रत्यक्ष समोर बसवून काढलेला तिचा चेहरा म्हणून मान्यता आहे ती या एवढ्याशा कागदालाच.

अँड्रूज यांचे चित्र १० डिसेंबर २०१३ रोजी लंडनमध्ये लिलावात १,६४,५०० पौंडांना विकले गेले. त्याआधीच बँक ऑफ इंग्लंडने आपल्या नोटेसाठी जेनचा चेहरा निवडला होता, तो याच सुधारलेल्या चित्रावरून. तिच्या दोनशेव्या स्मृतिदिनी, १८ जुलै २०१७ रोजी, विंचेस्टर कॅथीड्रलमध्ये नोटेचे अनावरण झाले आणि १४ सप्टेंबरला ती चलनात आली. त्या चेहऱ्याखाली वाचनाच्या आनंदाविषयी एक वाक्य छापले आहे. कादंबरीत ते वाक्य जिच्या तोंडी आहे, त्या बाईला वाचनाची मुळीच आवड नाही. एका श्रीमंत तरुणावर छाप पाडण्यासाठी ती तसे म्हणते. आणि नोट किती पौंडांची? दहा. जेनची पहिली विकलेली कादंबरी ज्या रकमेला अडकून पडली होती, तेवढ्याचीच. हा योगायोग तिच्या नजरेतून सुटला नसता.

आता पुतण्याला दोष द्यावा काय? मला तसे वाटत नाही. त्याचे आत्यावर प्रेम होते. त्याने चरित्र लिहिले नसते तर आज आपल्याला ठाऊक असलेल्या कितीतरी गोष्टी कायमच्या बुडाल्या असत्या. कॅसँड्राचे रेखाटन हुबेहूब आहे, असाही दावा करता येणार नाही. ती हौशी चित्रकार होती आणि जेनला पाहिलेल्या माणसांनीच साम्याविषयी तक्रार केली आहे. तरीही दोन्ही चित्रांत एक मूलभूत फरक राहतो. न्यायासनासमोर दोन साक्षी यावेत, तसा हा प्रकार आहे. एक अडखळत बोलतो, अर्धेच सांगतो, पण त्याने घटना डोळ्यांनी पाहिली आहे. दुसरा अस्खलित बोलतो, पण ऐकीव बोलतो. शहाणा न्यायाधीश पहिल्याचे बोलणे टिपून घेतो.

प्रिय वाचकहो, हा विषय दूरदेशीचा असला तरी त्यातला प्रश्न आपल्या दारातला आहे. आपल्या धर्मग्रामांतून रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव साजरे होतात, स्मरणिका निघतात. होऊन गेलेले धर्मगुरू, शिक्षक, भजनी मंडळांचे आधारस्तंभ, बोलीत गाणी रचणारे अज्ञात कवी यांच्यावर लेख येतात. ते वाचताना पुष्कळदा एकाच माणसाचे चरित्र पुन्हा पुन्हा वाचतो आहोत असा भास होतो. सगळेच शांत, सगळेच प्रेमळ, सगळ्यांचे ओठ अँड्रूजने रंगवल्यासारखे. कोणाला राग लवकर येई, कोण थट्टा करून समोरच्याला गप्प करी, कोण प्रवचन लिहिताना रात्रभर येरझाऱ्या घाली, हे आपण आदरापोटी गाळतो आणि मग पुढच्या पिढीला तो माणूस ओळखता येत नाही.

म्हणून ज्यांनी अशा माणसांना जवळून पाहिले आहे, त्यांनी पाहिले तेवढे आजच लिहून ठेवावे. भाषा अडखळली तरी चालेल. आठवणार नाही तो भाग मोकळा सोडावा, कल्पनेने भरून काढू नये. कॅसँड्राला जेनचे हात रंगवणे जमले नाही किंवा तिला वेळ मिळाला नाही. ते पेन्सिलीतच राहिले आणि दोनशेहून अधिक वर्षांनंतर आजही तसेच आहेत.